समुद्राकडे पाठ केलेला बाक

सोमवार, २ मार्च

ही वही खरं तर यांची. दवाखान्यातून आवाजाचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या, आवाजाच्या बाईंनी दिली होती, बोलता येत नाही तोवर मनातलं लिहून दाखवा म्हणून. यांनी पहिल्या पानावर ‘चहा’ एवढंच लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी चहा दिला आणि वही ठेवून घेतली. मी चिंधीसुद्धा फेकत नाही, कोरी वही कशी फेकेन?

तर परिस्थिती अशी आहे. घशाचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली, ती साधी होती, जीव वाचला. आवाजाच्या बाई म्हणतात, आवाज आहे, फक्त घोगरा येईल; पण वापरला नाही तर आहे तोही आखडून जाईल. आणि हे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेत. टुरिस्ट बसमध्ये माइक धरून ज्यांनी जन्मभर लोकांना हे शहर दाखवलं, ते आता कपावर चमचा वाजवून मला बोलावतात. एकदा वाजला की चहा, दोनदा वाजला की पंखा.

आज बसचे मालक आले. फळं आणली आणि खुर्चीच्या अगदी कडेला टेकले, तेव्हाच मी ओळखलं, बातमी बरी नाही. म्हणाले, सुट्ट्यांचा सीझन तोंडावर आलाय, किती दिवस ट्रिप बंद ठेवणार? हल्ली कानात घालायची यंत्रं मिळतात, बटण दाबलं की माहिती आपोआप सुरू. मी यांच्याकडे बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते, जणू दुसऱ्या कुणाच्या तरी नोकरीबद्दल चाललंय.

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, महिनाअखेरपर्यंत ट्रिप मी करते. मालक म्हणाले, “वहिनी, तुम्ही शिवणकाम करता ना?”

“शिवणकाम करते. तोंड शिवून घेतलेलं नाही.”

शेवटी ठरलं. महिन्याचा शेवटचा रविवार येईपर्यंत माइक माझ्याकडे. त्या दिवशी मालक स्वतः बसमध्ये बसणार आणि निर्णय घेणार. तोवर यांची जागा मी रुमाल टाकून धरून ठेवायची आणि तोवर यांनी बोलायला लागायचं. हे दुसरं अर्थात मी मनातच ठरवलं.

यांच्या ट्रिपमधल्या पाचही गमतीच्या जागा मला पाठ आहेत. शिट्टी वाजवणारा जिना, बेकरीच्या गच्चीवरची होडी, चपलांचं कुंपण, हातभर रुंद घर आणि आळशी घड्याळ. रोज रात्री जेवताना ऐकल्यात. यांतली एकही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, हे मात्र मालकांना बोलले नाही. सुट्टी म्हणजे यांचा धंद्याचा दिवस आणि बाकी दिवस माझं मशीन, कधी जाणार? माझ्या मशीनच्या खिडकीतून संध्याकाळी यांची बस तेवढी दिसायची, पार किनाऱ्याच्या टोकाला थांबलेली. चहाला थांबत असतील.

गुरुवार, ५ मार्च

पहिली ट्रिप झाली. अब्रू पूर्ण गेली नाही, थोडी उसवली.

माइक कात्री धरावी तसा धरला तर तो किंचाळला. मग ड्रायव्हरभाऊंनी नीट धरायला शिकवलं. हा माणूस यांच्याबरोबर इतकी वर्षं आहे आणि बोलतो मोजकंच. मी सुरुवात केली, “आमच्या गाइडचा आवाज गेलाय, म्हणून आज मी आलेय.” लोक हळहळले, मला बरं वाटलं. रोज हीच सुरुवात करणार.

जिन्याच्या पायऱ्यांना भोकं आहेत. लाट आत शिरली की त्यांतून हवा सुटते आणि शिट्ट्या वाजतात, वेगवेगळ्या सुरांत. आज ओहोटी होती. आम्ही सगळे कान देऊन उभे आणि जिना यांच्यासारखाच गप्प. बेकरीपाशी मी ऐटीत म्हटलं, “डावीकडे बघा, गच्चीवर होडी.” डावीकडे सलून होतं. न्हाव्याने हात हलवला. होडी मागेच राहून गेली होती. दगडी घड्याळ सावलीवर चालतं आणि समोर उंच इमारत झाल्यापासून दुपारनंतर त्याच्यावर ऊनच येत नाही. आम्ही पोचलो तेव्हा ते बंद झालेलं होतं. तरी लोक हसले, फोटो काढले. उन्हाने माझं नाक भाजलंय.

परत फिरताना ड्रायव्हरभाऊंनी किनाऱ्याच्या टोकाला गाडी लावली. तिथे काय, तर सिमेंटचा एक बाक, तोही समुद्राकडे पाठ करून बसवलेला. समोर नुसती टेकडीवरची घरं. कुणा शहाण्याने उलटा बसवला आणि तसाच राहिला. मी विचारलं, इथे कशाला? म्हणाले, “साहेब थांबायचे.” या बाकाबद्दल हे कधी अक्षर बोललेले नाहीत. मी लोकांना म्हटलं, पाय मोकळे करून घ्या.

घरी आले तर हे माझ्या मशीनच्या खुर्चीत बसलेले. रोज तिथेच बसायला लागलेत. म्हटलं, कापडावर चहा सांडला तर बघा.

रविवार, ८ मार्च

आज अपमान झाला आणि तोही कुणी केला तर यांनी, घरबसल्या.

ट्रिप छान झाली होती. भरती होती, जिना मनसोक्त वाजला. उतरताना एक आजोबा थांबले. पूर्वी एकदा यांच्याबरोबर येऊन गेलेले. म्हणाले, “बाई, सगळं ठीक, पण थाप कोणती ते विचारलंच नाहीत.”

मी म्हटलं, आजोबा, मी थापा मारत नाही.

तेव्हा कळलं. हे प्रत्येक ट्रिपमध्ये मुद्दाम एक गोष्ट खोटी सांगतात. शेवटी लोकांना विचारतात, आजची थाप कोणती? ओळखणाऱ्याला एक शिंपला बक्षीस. लोक म्हणे त्यासाठीच दुसऱ्यांदा येतात. आणि मी इतकी वर्षं ओरडत होते, की भांडी घासायच्या जागी शिंपले कशाला धुता, वाळू अडकते! कधी सांगितलंत का, की कामाचे आहेत?

ड्रायव्हरभाऊंना विचारलं, कोणती हो थाप? अळीमिळी गुपचिळी. म्हणाले, ते साहेबांनीच सांगायचं.

म्हणजे जेवताना मला सांगितलेल्या पाच गोष्टींत एक थाप आहे आणि मी ती माइकवरून खरी म्हणून सांगत सुटलेय. घरी येऊन जाब विचारला. हे आधी ऐकत राहिले, मग खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसले. मला इतका राग आला होता, की ते नीट बघितलंही नाही.

शोधून काढीनच. मी उसवायला बसले की टीप कुठून सुरू झाली ते सापडल्याशिवाय उठत नाही.

शनिवार, १४ मार्च

शोध पूर्ण. थाप सापडली नाही.

बेकरीवाला म्हणाला, होडी त्याच्या वडिलांनीच गच्चीवर बांधली. पूर्ण झाल्यावर लक्षात आलं, की ती जिन्यातून उतरत नाही. मग ते रागाने तिच्यातच झोपायला लागले. आता हाही दुपारची झोप तिच्यातच काढतो. मला चढून बघायला लावलं. आत उशी होती.

हातभर रुंद घराचंही खरं. दोन भावांच्या वाटणीत धाकट्याच्या वाट्याला फक्त बोळ आला, म्हणून त्याने बोळातच घर उभं केलं, का तर थोरल्याच्या खिडकीत ऊन जाऊ नये. दोघांची नातवंडं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. थोरल्याच्या सुनेने हे मला इतकं सविस्तर सांगितलं, की निघता निघेना. चपलांच्या कुंपणावर एक रिटायर नर्स समुद्रातून वाहून आलेली एकेक चप्पल बांधून ठेवते. एक माणूस खरोखरच आपली चप्पल ओळखून घेऊन गेला, त्या चपलेची जागा तिने रिकामी ठेवलीय. जिना मी कानांनी ऐकला, घड्याळ डोळ्यांनी पाहिलं.

पाचही खऱ्या. मग थाप कुठे आहे? यांना विचारलं तर भुवया उडवतात. दिवसभर माझ्या खिडकीत बसून समुद्राकडे बघायचं आणि मी आले की भुवया उडवायच्या, हा यांचा दिनक्रम.

मंगळवार, १७ मार्च

सकाळी पडदे शिवता शिवता ट्रिपची उजळणी करत होते. “आता डावीकडे बघा, गच्चीवर होडी,” म्हटलं, तर हे म्हणाले, “उजवीकडे.” मी म्हटलं, बस वळून आली की ती डावीकडेच येते, मी रोज जाते, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकू नका. तर म्हणे, “बस आधीच्या गल्लीतून आणायची. म्हणजे उजवीकडे येते आणि ऊन डोळ्यांवर येत नाही.” मी म्हटलं, मग तुम्हीच येऊन सांगा ड्रायव्हरला, मला कशाला शिकवता. तर पाय आपटत आत गेले. महाहट्टी माणूस. मीही उरलेला पडदा रागारागात संपवला, टीप वाकडी गेली, उसवून पुन्हा घातली.

दुपारी लेकीचा फोन आला. तिला सगळं भांडण साग्रसंगीत सांगितलं. मला वाटलं, फोन कट झाला.

मग म्हणाली, “आई, बाबा हे बोलले? तोंडाने?”

माझा मशीनवरचा पाय तसाच राहिला.

शनिवार, २१ मार्च

त्या दिवशी फोन ठेवून मी धावत आत गेले होते. म्हटलं, अहो, बोललात तुम्ही! तिथेच घाण झाली. यांनी गळ्याला हात लावला आणि चेहरा असा केला, की जणू चोरी पकडली. मी ओरडले नसते तर कदाचित बोलतच राहिले असते. तेव्हापासून पुन्हा चमचा.

मी सगळे उपाय केले. चूक सुधारायला तरी बोलतील म्हणून, जिन्यातून नगरपालिकेचा बँड वाजतो असं म्हणून बघितलं, नर्सबाई चपला विकते असंही म्हटलं. हे उठले, दार लावून घेतलं. काल आवाजाच्या बाई आल्या होत्या. यांना ‘आ’ म्हणायला सांगितलं, यांनी भिंतीकडे बघितलं. जाताना बाई मला दारात म्हणाल्या, हे घशाचं राहिलेलं नाही, आता त्यांना लाज वाटतेय. लाज? ज्या माणसाने भर बसमध्ये कोंबडा आरवून दाखवलाय त्याला?

पण विचार केला तर कळतं. तो आवाज म्हणजे यांची ऐट होती. बाजारात लोक आवाजावरून ओळखायचे. आता तो गेला आणि मिळतोय तो फाटका, मग माणूस म्हणतो, नकोच मला.

मला भीती वाटतेय. इथे लिहिते, लेकीला बोलले नाही. माइक गेला तर जाऊ दे, मशीन आहे, दोन घास कुठे जात नाहीत. पण हा माणूस असाच चमचा वाजवत म्हातारा झाला तर मी कुणाशी भांडू?

असो. रडून पडदे शिवले जात नाहीत. उद्या दोन ट्रिप आहेत.

बुधवार, २५ मार्च

मी मूर्ख आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रविवारी मालक बसणार, म्हणून ट्रिप आटोपशीर करायची ठरवली. ड्रायव्हरभाऊंना म्हटलं, त्या बाकापाशी थांबणं बंद करू, तिथे बघण्यासारखं काही नाही. लोक वाळूत उतरले होते, आम्ही दोघंच बाकापाशी होतो. त्यांनी चावी बोटात फिरवली. मग म्हणाले, “वहिनी, बाक काढू नका. तुम्ही एकदा बसून तर बघा.”

आजवर मी त्या बाकावर बसलेच नव्हते, समुद्रकिनाऱ्याला येऊन घरांकडे कोण बघत बसेल? बसले. समोर टेकडी, घरांच्या रांगा, दोरीवरचे कपडे. एका खिडकीत हिरवा पडदा दिसला. म्हटलं, अगदी माझ्यासारखा पडदा. मग खिडकीत माणूस दिसला, आणि तो माणूस हे होते. माझ्या खुर्चीत, माझ्या मशीनपाशी, थेट इकडे बघत.

ड्रायव्हरभाऊंनी मग सांगितलं, हे इथे काय बोलायचे ते. म्हणायचे, लग्नानंतर मी बायकोला पहिल्यांदा फिरायला इथे आणलं. बाक तेव्हा सुलटा होता. ती समुद्राकडे पाठ करून बसली आणि म्हणाली, समुद्र काही कुठे पळून जात नाही, आधी घरं बघू, त्यातलं आपलं कुठलं होईल ते. नगरपालिकेच्या माणसाने ते ऐकलं आणि बाकच फिरवून टाकला. लोक खूप हसायचे. मग शेवटी थाप कोणती म्हणून विचारलं, की लोक होडीवर संशय घ्यायचे, चपलांवर घ्यायचे. बाकावर फारसं कुणी नाही.

“कुणालाच ओळखता आली नाही?” मी विचारलं.

“क्वचित. पण वहिनी, मलाही कधी कळलं नाही, की त्यातली थाप नेमकी कुठली. बाक फिरवल्याची, असंच वाटायचं.”

मला कळलं. जगात मला एकटीलाच कळू शकतं. यांच्याबरोबर मी या बाकावर कधी आलेच नव्हते.

इतकी वर्षं हा माणूस रोज संध्याकाळी इथे उभा राहून माझ्या खिडकीकडे बघत मला फिरायला आणत होता, आणि मी वर बसून म्हणत होते, चहाला थांबलेत. मला राग आला. मला का नाही सांगितलं? मग रडू आलं. लोक वाळूतून परत येत होते म्हणून डोळ्यांत उडालं काहीतरी असं दाखवलं.

घरी यांना काही बोलले नाही. आता मीही गुळणी धरून बसणार, रविवारपर्यंत.

रविवार, २९ मार्च

सकाळी यांचा निळा शर्ट इस्त्री करून पलंगावर ठेवला. म्हटलं, आज माझा शेवटचा दिवस, बसायला तरी या. मान हलवली, नाही. म्हटलं, ठीक आहे, मालकांसमोर होडी डावीकडे दाखवते. शर्ट घालून दारात उभे राहिले.

मालक पुढच्या सीटवर, हे त्यांच्या मागे खिडकीशी, गळ्याला मफलर, एवढ्या उन्हात. ड्रायव्हरभाऊंनी यांना बघून हॉर्न वाजवला, उगीचच. मी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, “आमच्या गाइडचा आवाज गेलाय, म्हणून आज मी आलेय.” यांनी खाली बघितलं. मला कसंतरी झालं, पण माघार घेतली नाही.

बस आधीच्या गल्लीतून आणायला सांगितली. होडी उजवीकडे आली, डोळ्यांवर ऊन नाही. मी यांच्याकडे बघितलंच नाही. जिना वाजला, घड्याळ बंद पडलेलं होतं, नर्सबाईंनी हात केला. सगळं सुरळीत.

मग बाक. सगळ्यांना उतरवलं, भोवती उभं केलं. मी माइकवर म्हटलं, “ही शेवटची जागा. इथली गोष्ट मी सांगू शकत नाही, कारण त्या गोष्टीत मी आहे आणि त्या दिवशी मी इथे नव्हते. ज्यांनी रचली त्यांनीच सांगावी.” माइक बाकावर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसले, समुद्राकडे पाठ करून. समोर आमची खिडकी रिकामी होती.

मालक खाकरले. हे बसच्या पायरीवर उभे होते, दांडा धरून. मला वाटलं, संपलं. हे आत जाऊन बसणार, आणि मी लोकांसमोर या माणसाला उघडं पाडलं हे जन्मभर ऐकून घेणार, तेही चमच्याने.

हे आले. मफलर काढून माझ्या मांडीवर टाकला, माइक उचलला. आवाज आला तो कापड फाडताना येतो तसा, मधेच तुटणारा. लोक ऐकू यावं म्हणून जवळ सरकले.

“मी रोज सांगायचो, की बायकोला इथे आणलं होतं,” हे म्हणाले. थांबले, घोट गिळला. “ती आज आली.”

एवढंच. मग माझ्या शेजारी बसले. मी म्हटलं, “समुद्र काही कुठे पळून जात नाही, आधी घरं बघू.” ड्रायव्हरभाऊ गाडीची काच पुसायला लागले, स्वच्छ काच.

परतीच्या वाटेवर माइक यांच्याकडेच राहिला. फार बोलले नाहीत, पण जे बोलले ते सगळे कान देऊन ऐकत होते. एरवी मागच्या सीटवरची माणसं आपसात बडबडतात, आज चिडीचूप. स्टँड आला तेव्हा मालकांनी मागे वळून विचारलं, “बरं, मग आजची थाप कोणती? बाकाची तर आता खरी झाली.”

यांनी जरा विचार केला. मग माझ्याकडे बोट दाखवलं.

“सकाळी या बाई म्हणाल्या, गाइडचा आवाज गेलाय,” हे माइकवर म्हणाले. “ती.”

मालकांनी कानातल्या यंत्रांचं पुन्हा नाव काढलं नाही. उतरताना एवढंच म्हणाले, माइकचा आवाज थोडा मोठा करून घेऊ.

सोमवार, ३० मार्च

आज ट्रिप नाही. राहिलेले पडदे काढून बसले. मशीनवर एक शिंपला ठेवलेला होता, धुतलेला. भांडी घासायच्या जागी वाळू होती. बोलले नाही, पुसून घेतली.

दुपारी कपावर चमचा वाजला नाही. आतून हाक आली, घोगरी, “अगं, चहा.”

मला ऐकू आलं होतं. तरी मशीन चालूच ठेवलं. पुन्हा हाक आली, जरा मोठ्याने. मी उठले नाही. करू दे सराव.